पोचूचा दगड

देवराव देवळामागच्या फुलझाडांच्या कडेला लावलेल्या दगडांना गेरूचा दुसरा हात देत होता. एक दगड चुन्याने पांढरा, एक गेरूने लाल, मग पुन्हा पांढरा. निम्मी ओळ झाली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊ, माह्ये मानसं कुठी गेले?"

धानोऱ्याकडची सुकरीबाई उभी होती. तिच्यामागे डोक्यावर गाठोडं घेतलेली तिची सून बुधरी. दोघी देवळाच्या मागच्या भिंतीकडे पाहत होत्या. भिंतीला टेकून गोटे असायचे ती जागा आता झाडून, सारवून लख्ख केलेली होती.

देवरावच्या हातातला कुंचला तसाच राहिला. 

चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, परकोटातलं हे देऊळ गोंड राजांच्या काळातलं. कोणत्या राजाने बांधलं, किती वर्षं लागली, हे सगळं फाटकाजवळच्या निळ्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि देखरेखीला नेमलेला देवराव ते येणाऱ्या पाहुण्यांना तोंडपाठ सांगायचा. सुकरीबाईच्या घराण्याकडे मात्र वेगळाच इतिहास होता. देऊळ बांधताना त्यांच्या पूर्वजांना जंगलातून दगड ओढायला आणलं होतं. त्यातला एकजण मागच्या भिंतीखाली चेंगरला आणि तिथेच राहिला. त्याला सोबत हवी म्हणून घरात कोणी गेलं की गावच्या नाल्यातला एक गोटा आणून त्या भिंतीशी ठेवायचा, अशी त्या घराण्याची रीत पडली. देवळाच्या पाठीमागे कोण काय ठेवतं, याकडे आजवर सगळ्यांनीच कानाडोळा केला होता.

मोहफुलं वेचून झाली आणि तेंदूपत्त्याची तोडणी सुरू व्हायची असली की मधल्या दिवसांत सुकरीबाई यायची. घरातल्या थोरल्या बाईने नवा गोटा दोन्ही हातांनी उचलून पाहायचा. जड झाला असेल तर गेलेला माणूस पूर्वजांच्या पंगतीत बसला. हलकाच असेल तर तो अजून घराभोवती घुटमळतो आहे. आणि तो घुटमळतो आहे तोवर त्याच्या विधवेला दुसऱ्या घरी देता येत नाही.

सुकरीबाईचा एकुलता एक मुलगा पोचू घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्याला तीन वर्षं होत आली. दोन वेळा गोटा उचलून तिने सांगितलं होतं, हलका आहे. बुधरीचं वय ते काय, विशीतलीच पोर. शेजारच्या गावच्या दसरूने तिला मागणी घातली होती आणि तो शहाण्यासारखा वाट पाहत होता. या खेपेला तो त्यांच्यासोबत आला होता, पण आपला इथे काय संबंध म्हणून फाटकाबाहेर वडाखाली बसून राहिला होता.

"सांग ना भाऊ. फेकले का?"

"नाई बाई, फेकतो कसा मी?" देवराव कसाबसा बोलला. "इथीच आहेत. हे पाय."

त्याने ओळीकडे बोट केलं. सुकरीबाई त्या लाल-पांढऱ्या दगडांकडे बघतच राहिली.

हिवाळ्यात मोठे साहेब येणार म्हणून सुटे दगड उचलायचा हुकूम आला होता. मजुरांनी ते सरळ नाल्यात टाकले असते. म्हणून देवरावने स्वतः एकेक गोटा आणून फुलझाडांच्या कडेला बसवला, हलू नये म्हणून खाली सिमेंट घातलं आणि वरून रंग दिला. साहेबांनी शाबासकी दिली. आपण सुकरीबाईची माणसं वाचवली, या समाधानात तो इतके दिवस होता. छपन्न साली दीक्षा घेईपर्यंत त्याच्या बापाला या देवळाची पायरी चढू दिली नव्हती. आज किल्ली देवरावकडे होती. तो इथल्या देवाला हात जोडत नसे, पण कोणाला हाकलायचं नाही, हे त्याने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. आणि त्याच्याच हातून हे झालं.

"आता आमचा जिल्हाबी निराळा झाला म्हनतेत," सुकरीबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "म्हटलं, मानसं तरी चांद्यातच राहतीन."

ती ओळीच्या कडेने वाकत वाकत गेली. पदराने एकेक दगड पुसायची, हात फिरवायची, पुढे जायची. एका लाल दगडापाशी ती थांबली. त्याच्या डाव्या अंगाला जरा खोलगट भाग होता. तिथे तिने अंगठा ठेवला आणि खाली बसली.

"हा आहे."

बुधरीने गाठोडं खाली ठेवलं आणि मान फिरवून भिंतीकडे पाहू लागली. तिचे ओठ मिटलेले होते, पण हाताची बोटं एकमेकांत गुंतून पांढरी पडली होती.

देवराव पुढे झाला. सांगायलाच हवं होतं. पण सुकरीबाईने दोन्ही हातांनी गोटा धरला होता आणि अशा वेळी मध्ये बोलायला त्याची जीभ उचलेना.

तिने जोर लावला. मानेच्या शिरा ताणल्या. गोटा जागचा हलला नाही. तिने पुन्हा एकदा ओढलं, मग हात सोडले.

"जड झाला," ती म्हणाली. "बसला माहा पोरगा."

बुधरी तिच्याशेजारी खाली बसली. आधी तिला रडूच फुटेना, आणि फुटलं ते थांबेना. सुकरीबाईने तिला रडू दिलं. मग गाठोडं पुढ्यात ओढून तिने गाठ सोडली. आपलं लुगडं, कांबळं आणि अर्धी भाकर बाजूला काढली. उरलेलं पुन्हा बांधून सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"ऊठ. तो बाहेर बसला आहे तवाचा."

"आत्या, अन् तू? घरी तू एकटी..."

"जा म्हन्लं ना. इथून मांगं वळून पाहाचं नसते."

बुधरीने गोट्यावर कपाळ टेकलं. कपाळाला ओला गेरू लागला, तो तिने पुसलाही नाही. ती फाटकापर्यंत गेली आणि रीत होती म्हणून तिने मागे पाहिलं नाही. सुकरीबाई मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती.

देवरावला राहवेना. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, माह्यी मोठी चूक झाली. त्याच्या खाली सिमेंट आहे. म्या घातलं. म्हनून हालला नाई तो."

"दिसते मले, भाऊ. आंधळी नाई झाली मी अजून."

"मंग जड आहे म्हनून काऊन सांगतलं? पोरगी गेली ना!"

सुकरीबाईने गोट्यावरचा हात काढला नव्हता. खोलगट भागातून तिचा अंगठा हळूहळू फिरत होता, पोराच्या गालावरून फिरवावा तसा.

"मागच्या साली कुठी होतं सिमेंट?" ती म्हणाली. "तवाबी नाई उचलला मले. त्याच्या आंधीबी नाई. पयल्याच साली बसला होता तो."

देवरावने कुंचला खाली ठेवला.

"हलका आहे म्हनून मीच सांगतलं. घरात दुसरं कोन होतं मले?"

बाहेर दसरूचा आवाज आला, मग बुधरीचा. दोघांची पावलं परकोटाच्या जटपुरा दरवाजाच्या दिशेने गेली. सुकरीबाई ऐकत राहिली. आवाज विरून गेल्यावर तिने पदर तोंडात धरला आणि तिचे खांदे हलू लागले.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले.

"मी बसतो जराशी इथी," ती म्हणाली. "त्याईले पुढची गाडी भेटू दे. मी त्याईच्याच गाडीत बसली तं पोरगी उतरून माह्याच घरी येईन."