कालव्याकडेचं कोवळं गवत

सासऱ्यांच्या मेंढीला घरात सगळे राणीसरकार म्हणत. सासूबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, आणि त्या गेल्यापासून सासरे तिला तळहाताच्या फोडासारखं जपत. सुनेला ताप आला तर गोळी मिळे. राणीसरकार शिंकली तर डॉक्टर येत.

तीच राणीसरकार चार दिवस झोकांड्या खात होती. मान लटपटे, पाय भलतीकडे पडत, मध्येच ती दाराकडे टक लावून उभी राही.

"मेंदूचा आजार दिसतो," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "उद्यापर्यंत उतार पडला नाही तर इंजेक्शन देऊन सोडवू तिला."

सून बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर भिंगाखाली गवताचं बी निवडल्यावर घरी गवताचं तोंड बघायची तिला इच्छा नसे. त्या संध्याकाळी मात्र तिने गव्हाणीत हात घातला, आणि हाती आलेलं गवत लगेच ओळखलं.

"बाबा, हे कुठनं आणलंत?"

"कालव्याच्या कडेनं. कापलं तिथं नवं फुटलंय, लोण्यासारखं. वेचून आणतो तिच्यासाठी."

न सांगावं तर ते उद्याही आणतील. ती त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, या गवतात एक द्रव्य असतं. कोवळ्या फुटव्यात जास्तच. मेंढ्यांना त्यानं असे झटके येतात. माणसाच्या अंगात भिनलं तर नसलेलं दिसतं."

"म्हणजे मीच घातलं तिला विष."

"तुम्ही चांगलं ते बघून आणलंत. कोणीही तेच केलं असतं."

ते राणीसरकारच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "ती दाराकडे बघते, तेव्हा तिला तुझी सासू दिसत असेल का गं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"मला नाही माहीत, बाबा."

डॉक्टरांकडून तिने आठवड्याची मुदत मागून घेतली. गव्हाणीत जुना वाळला चारा पडला. राणीसरकारने दोन दिवस नाक मुरडलं, मग मुकाट्याने खाल्लं. सातव्या दिवशी ती सरळ चालली. दाराकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

"झाली बाई बरी," सासरे म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "आता वाट बघणारा मी एकटाच उरलो."

सुनेने प्रयोगशाळेत फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं, आणि ती त्यांच्याशेजारी दाराकडे तोंड करून बसली.