सभागृह की हातपंप?

मारित आमच्या शाळेत आली तेव्हा पहिले काही दिवस सहावीच्या वर्गाने तिला "येस मॅडम"खेरीज काही ऐकवलं नाही. नॉर्वेतल्या ज्या मंडळाच्या देणगीवर आमची शाळा चालते, त्यांनीच तिला एका सत्रासाठी शिकवायला पाठवलं होतं.

"आसेकेन्ये बाई, मुलं मला घाबरतात का हो?" तिने मला विचारलं.

"छे! तुम्ही बर्फाबद्दल विचारता, त्यावर ती काय बोलणार? औताबद्दल विचारा."

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं : मुलींनी औत धरावं की नाही? मग काय, शेजारच्या वर्गात मला माझाच आवाज ऐकू येईना. आचोमला भाऊ नाही, वडिलांबरोबर तीच औत धरते. ती वर्गातल्या एरियाऊला म्हणाली, "तुझे बैल तुझं ऐकतच नाहीत. तुझ्या आईचं ऐकतात!" वर्ग हसून लोळला. मारित बाहेर आली ती खडूने माखलेली आणि खुशीत. तेव्हापासून दर शुक्रवारी वाद रंगू लागला.

सत्र संपता संपता मंडळाचे पाहुणे यायचे होते, नव्या सभागृहाची पायाभरणी करायला. दरवर्षी मुलं आंब्याखाली उभी राहून त्यांच्यासाठी आभाराचं गाणं म्हणतात. मारित मुख्याध्यापक ओपोलोत सरांना म्हणाली, "यंदा गाणं नको. वाद ठेवू. सभागृह हवं की हातपंप?"

"बाई, पाहुण्यांनी आणलेल्या ताटाला नावं ठेवायची?"

"नावं नाही ठेवायची. भूक कशाची आहे ते सांगायचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्याच्या रांगेतून उशिरा येणाऱ्या मुलींची हजेरी रोज मीच घेते.

"होऊ द्या, सर," मी म्हटलं. "बोलायला आपणच शिकवलं ना?"

"शाळा बंद पडली, तर दोघी माझ्या शेंगांच्या रानात खुरपायला या," सर म्हणाले आणि हसले.

पाहुण्यांसमोर आचोम उभी राहिली. पहिला तास गणिताचा असतो आणि पाण्याच्या रांगेमुळे तो आम्हा मुलींना कधीच पुरा मिळत नाही, हे तिने आवाज न चढवता सांगितलं. मंडळाचे प्रमुख, हाल्वोर्सन, यांच्या कपाळावर आठी पडली. मारितने माझा हात घट्ट धरला.

"सभागृहाच्या बाजूने कुणीच नाही का?" त्यांनी विचारलं.

"मी आहे!" एरियाऊ उठला. "वर्गाच्या पत्र्यावर पाऊस वाजतो तेव्हा परीक्षेतला प्रश्नसुद्धा ऐकू येत नाही."

"पण तेव्हा पाणी तरी मिळतं!" आचोमने तिथल्या तिथे सुनावलं.

आंब्याखाली हशा उसळला. हाल्वोर्सनही हसले. हात वर करायची वेळ आली तेव्हा हातपंपासाठी पहिला हात त्यांच्या बायकोचा होता.

"हे आमच्या मंडळापुढे मांडावं लागेल," ते म्हणाले.

"मांडायला मी येऊ?" आचोमने विचारलं.

मारित परत गेली. पुढच्या नांगरणीच्या आत शाळेच्या आवारात हातपंप बसला. आता पहिल्या तासाला बाकं भरलेली असतात.

एरियाऊने मात्र हार मानलेली नाही. पाहुणे पुन्हा येणार म्हणून सातवीतला हा पठ्ठ्या सभागृहाची बाजू नव्याने तयार करतोय. आणि या वेळी त्याने आचोमला आपल्याकडे ओढलंय.