न दुखणारा पाय

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि सगळ्यांच्या नजरा एका पावलावर होत्या. ते पाऊल माझ्या ताईचं होतं.

व्यासपीठावरच्या खुर्चीत ताई डोळे मिटून बसली होती. तिचा पाय मांडीवर घेऊन वेदनाहर गुरू बुटक्या स्टुलावर बसले होते. हातात लांब सुई.

"वेदना म्हणजे काय?" त्यांनी माइकमधून विचारलं. "शरीरातली बिघडलेली वीज! डॉक्टर गोळ्या देत बसतो. मी थेट फ्यूज काढतो!"

सुई तळव्यात शिरली. नखभर आत.

"दुखलं?"

"छे हो!" ताई हसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दारात निळी चिठ्ठी मिळालेल्या सगळ्यांना असंच एकेक करून वर नेलं, टोचलं. एकही हूं का चूं करेना. माझ्यासारखे पांढऱ्या चिठ्ठीवाले मागे उभे राहून 'वा, वा' म्हणत होते.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सुई टोचली की अंग मागे घ्यायचं हे कुणी ठरवत नाही, ते आपोआप होतं. ताईचा पाय हलला नव्हता.

ताई शिवणकाम करते. वीस वर्षं पायमशीन, तेही अनवाणी. सहा वर्षांपासून तिला मधुमेह. दोन वर्षं तिचे तळवे आग लागल्यासारखे जळत होते. गुरूंकडे दोनदा जाऊन आली आणि जळजळ थांबली. तिने गोळ्या बंद केल्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, "ताई, डोळे मीट. मी तळव्याला दोरा लावीन. कळलं की 'हो' म्हण."

"आल्या आमच्या शास्त्रज्ञ बाई! कर बाई, कर."

तिच्याच डब्यातला जाड नायलॉनचा दोरा घेतला. दोन्ही तळव्यांवर दहा-दहा ठिकाणी, दोरा वाकेपर्यंत टेकवला. ताई डोळे मिटून वाट पाहत होती.

"अगं, सुरू कर ना आता," ती म्हणाली.

"झालं, ताई."

तिने डोळे उघडले. पण मला आणखी काहीतरी दिसलं होतं. करंगळीच्या मुळाशी काळसर ठिपका, भोवती सूज, लाली घोट्यापर्यंत चढलेली. हात लावला तर पाऊल तव्यासारखं गरम. वास येत होता. त्या ठिपक्यातून लोखंड चमकत होतं. मशीनच्या मोडक्या सुईचं टोक.

मी ते ओढलं नाही. आत किती आहे कोण जाणे. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच घेऊन या. उद्यावर टाकलंत तर पाय वाचेल की नाही सांगता येत नाही."

"चाकू लागला की कृपा उतरते, असं गुरू म्हणालेत," ताई म्हणाली. "आणि दुखत कुठे आहे? चार वाजता पुन्हा सभा आहे. त्यांना विचारते, मग बघू."

मी विनवलं, रागावले, रडले. ती हट्टाला पेटली होती. शेवटी मीच चारच्या सभेला निघाले तिच्याबरोबर, आणि पिशवीत प्रयोगशाळेतल्या सुयांचं एक बंद पाकीट टाकलं.

सकाळी जे नुसतं पायाला लागलं होतं, ते आता डोळ्यांनी पाहिलं. चपला काढायच्या जागेपासून दारापर्यंत टोकदार खडीचा पट्टा होता. "अहंकार गळतो," असं चिठ्ठ्या देणारा सांगत होता. पण तो चेहऱ्यांकडे पाहत नव्हता, पावलांकडे पाहत होता. जो उड्या मारत, 'आई गं' करत गेला, त्याला पांढरी. जो बागेत फिरल्यासारखा गेला, त्याला निळी. ताई सरळ चालत गेली. मी दात आवळून तिच्यामागे सरळ चालले. डोळ्यांत पाणी आलं, पण हातात निळी चिठ्ठी आली.

व्यासपीठावर मी पाकीट पुढे केलं. "सुई माझी घ्या. नवी आहे."

गुरू मंद हसले. "भक्त सुई घेऊन आली! वेदना, निघ!" आणि टोचली.

"आई आई गं!"

माझी किंकाळी माइकमधून सगळीकडे घुमली. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"श्रद्धा कच्ची आहे," गुरू म्हणाले.

"असेल. पण माझ्या पायातल्या नसा शाबूत आहेत." मी माइक ओढून घेतला. "निळ्या चिठ्ठीवाल्यांपैकी मधुमेह कुणाकुणाला आहे? हात वर करा."

मला सोडून अकरा जण होते. दहा हात वर झाले. अकरावे गृहस्थ म्हणाले, "मी कधी तपासलंच नाही."

मी त्या खडीबद्दल सांगितलं. गुरू कुणाचंही दुखणं काढत नाहीत. ज्यांचे पाय आधीच बधिर झालेत तेवढेच निवडून घेतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा मरू लागतात. सर्वांत लांब नसा पायाच्या, म्हणून आधी पाय. मरताना त्या जळजळ करतात. मेल्या की गप्प होतात.

तिसऱ्या रांगेतून ताई उठली. चेहरा पांढराफटक. "महाराज, माझ्या पायात मोडकी सुई आहे. सकाळी हाच पाय तुम्ही मांडीवर घेतलात. तुम्हाला दिसली नाही?"

गुरूंनी माइककडे हात केला. माइक माझ्याकडे होता.

ताई माझ्याकडे वळली. "गाडी बोलाव," ती म्हणाली.

शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. करंगळी काढावी लागली, पाय राहिला. तळव्याची जाणीव मात्र परत आलेली नाही, येईलसं डॉक्टरांना वाटत नाही. ताई आता बूट घालून मशीन चालवते, गोळ्या चुकवत नाही आणि रोज सकाळी आरसा धरून तळवे बघते.

मधुमेह असणाऱ्यांनी तेवढं तरी रोज करावं. पाय जळत असतील तर डॉक्टरांकडे जा. आणि जळणारे पाय एके दिवशी आपोआप शांत झाले, तर कुणाचेही आभार मानत बसू नका. धावत जा.