ताईचा फोन ताईलाच

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, आणि वाटू नये हेच बरं. खरी वाटली तर माझ्या तिन्ही भाच्यांना तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

धाकट्या भाच्याच्या बायकोला मात्र मी ती परवा सांगितलीच. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. घरातलं सगळं तिला कळायला नको? माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी बांधून ती पलंगावर पडली होती. झोपली असावी असं मी धरून चाललो. सूनबाई डोळ्यात घालायच्या थेंबांच्या बाटल्यांवर वेळा लिहून चिकटवत होती.

"मामा, पहिल्या डोळ्याच्या वेळी आईंना कुणी नेलं होतं? यांनीच ना?"

"यांनी?" मी खुर्ची पुढे ओढली. "ऐक तर मग, पण मन घट्ट कर."

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरांनी ताईला गुरुवार दिला होता आणि बजावलं होतं, सोबत घरचं माणूस हवं. एकट्या आलात तर परत पाठवीन, मग पुढची तारीख दोन महिन्यांनी. तोवर ताईला समोरचा माणूस आणि कोटाची खुंटी यांत फरक कळेनासा झाला होता. खुंटीला तिने दोनदा "बस ना" म्हटलेलं मी ऐकलंय.

तिने थोरल्याला फोन लावला. थोरला कामाच्या धबडग्यात. त्याने आपले सगळे फोन मधल्याकडे वळवून ठेवलेले. मधल्याने त्याच आठवड्यात आपले वळवले धाकट्याकडे. आणि धाकट्याने...

"यांनी कुणाकडे?"

"आईकडे! म्हणाला, आई काय, घरीच असते, निरोप घेईल."

सूनबाईचा हात थांबला. "म्हणजे आईंचा फोन..."

"फिरून आईलाच. आता गंमत बघ. थोरला एका कंपनीचा गिऱ्हाईक, मधला दुसरीचा, धाकटा तिसरीचा. प्रत्येक कंपनीच्या यंत्राला फक्त आपलं गिऱ्हाईक ठाऊक. ते बघतं, याने फोन वळवलाय, नवा नंबर दुसऱ्या कंपनीचा. की दिला फोन तिच्या दारात नेऊन. पुढे त्याचं काय होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही."

"मग तो फिरतच राहील की!"

"शाबास! म्हणून फोनबरोबर एक आकडा जातो, किती वेळा वळवला त्याचा. चार-पाच झाले की यंत्र फोन तोडतं. पण एका कंपनीचं यंत्र असं नाठाळ, की दारात आलेल्या प्रत्येक फोनचा आकडा पुसून शून्य करायचं. दर फेरीला ताईचा फोन कोरा करकरीत!"

"पण आईंच्या हातातला फोन वाजला असेल ना?"

"वाजला तर! बोलता बोलता दुसरा फोन आला की टुकटुक होतं ना, तसं झालं. ताईने पहिला थांबवून दुसरा घेतला. तिकडून गाणं ऐकू आलं आणि बाई म्हणाली, कृपया थांबा. ताई थांबली. तिला काय ठाऊक, तिला थांबवून ठेवणारी तीच होती! चांगली वीस मिनिटं थांबली, आणि वर म्हणते कशी, 'मुलं किती कामात असतात बिचारी.'"

सूनबाई तोंडावर हात ठेवून हसली, मग चटकन गंभीर झाली. "यांनी असं करायला नको होतं, मामा."

"मीही तेच म्हणतो," मी उसासा टाकला. "मी तेव्हा निवृत्तीनंतरही त्या नाठाळ यंत्रवाल्या फोन कंपनीत कामाला, यंत्रांच्या खोलीत. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची जागा ती, इतकी थंड. त्या दिवशी मात्र कपाटं तापायला लागली. एकावर मी चहाचा कप टेकवला, तर त्याला उकळी! म्हटलं, आत काहीतरी फिरतंय. कानाला हेडफोन लावला, तर आतून आवाज, 'अरे, कुणी आहे का?' ताई! सतरा हजार फेऱ्या झाल्या होत्या, बाई, आणि प्रत्येक फेरीला आवाज थोडा जास्त चिडलेला."

"सतरा हजार?"

"मोजायला दोन माणसं बसवली होती. मग मी बाह्या सरसावल्या. सरळ वायर हातात धरली, फोन येताना दिसला की वाकवली, आणि तो उलटा फिरवला! तिघांचे फोन एकदम कडाडले. थोरला न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी घेऊन धावला. मधला साहेबाला तसाच बोलता ठेवून निघाला. आणि तुझा नवरा..." मी आवाज खाली आणला, "अंगाला साबण तसाच! टॉवेल गुंडाळून आला बिचारा. पंधरा मिनिटांत तिघं दारात. गुरुवार चुकला नाही. पण कुणामुळे?"

"तुमच्यामुळे," सूनबाई म्हणाली, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. हातातली बाटली तिने जरा जोरातच ठेवली. "येऊ देत संध्याकाळी. विचारतेच. स्वतःच्या आईचा फोन आईलाच?"

"विचारू नकोस गं, लाजेल. मी त्याला कधीच माफ केलंय."

तेवढ्यात पलंग करकरला.

"छोट्या," ताई म्हणाली. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच. "त्या महिन्यात धाकट्याकडे फोनच नव्हता. पाण्याच्या टाकीत पडला होता. फोन नाही म्हणून पोरगं रोज कामावरून सुटलं की स्वतः यायचं, चौकशी करून जायचं. दवाखान्यात त्यानेच नेलं मला. मधल्याने फोन वळवला होता तो मामाकडे. तिसरा फोन तुझा होता, मेल्या!"