बुडालेल्या बोटीतली डबी

साहेबांनी रुमालाची गाठ सोडली आणि डबी काचेच्या पेटीवर ठेवली. रेवणसिद्धचा हात सरदारबीच्या बांगडीवर घासता घासता थांबला.

गळ्यात बांधायच्या लिंगाची चांदीची डबी. काळी पडलेली, कडेला शिंपल्यांचा चुना धरलेला. ओळखायला त्याला पळभरही लागलं नाही.

"खाली शिक्का आहे. तुमच्याच दुकानाचा, म्हणतात."

"व्हय. आमच्या आप्पांचं काम." आवाज नीट निघाला याचंच त्याला नवल वाटलं.

साहेब पाण्याखालच्या जुन्या वस्तू शोधणारे. कोकणातल्या एका बंदरात, गाळात, त्यांच्या पाणबुड्यांना लढाईच्या वेळची नौदलाची बोट सापडली होती. नाव नाही, नंबर नाही. सगळं गुप्त ठेवायचे दिवस ते. त्रेचाळीस साली अशा तीन बोटी बेपत्ता झाल्या. ही त्यातली कुठली, कळायला मार्ग नव्हता. ही डबी तेवढी बॉयलरमागे अडकून राहिलेली.

"ही कुणाची ते कळलं की बोट कळेल. बावीस जणांची हाडं मिळालीत. घरी कळवता तरी येईल."

बावीसच. बोटीवर होते तेवीस, आणि तेविसावा इथं बसून बांगड्या उजळत होता.

बॉयलरपाशी काम करताना त्याच्या गळ्यातलं शिवदार, डबी बांधायचा तो दोरा, तुटलं आणि लिंग कुठं पडलं ते सापडेना. लिंगाशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हे घरचं वळण. एक दिवस कसाबसा काढला, मग न विचारता किनाऱ्यावर उतरला, जंगमगुरूकडून नवं लिंग घ्यायला. "जा तू, तुझी पाळी मी करतो," बरोबरचा लालसाब म्हणाला होता. दोघं सोलापूरचे, ओळख मात्र बोटीवरच झालेली. परतताना बंदराच्या तोंडाशी बोट सुरुंगावर आदळून बुडताना त्यानं किनाऱ्यावरून पाहिली. पळाला तो थेट हुबळीला; लढाई संपल्यावर सोलापूरला येऊन आप्पांच्या दुकानात बसला. पळून आलेल्या शिपायाच्या गुन्ह्याला मुदत नसते, केव्हाही बेड्या पडतात, असं कुणीसं म्हणालं होतं. एकतीस वर्षं पोलीस दिसला की तो गल्ली बदलायचा. बायकोलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणि शेजारच्या गल्लीतली लालसाबची बायको सरदारबी दर ईदेआधी बांगड्या आणून द्यायची. "उजळून द्या, भाऊ. ते आले तर हातात काळी चांदी दिसायला नको." त्यानं कधी मान वर करून तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"ही उघडत नाही," साहेब म्हणाले. "फोडायला मन धजेना."

रेवणसिद्धनं डबी उचलली मात्र, अंगठ्यानं जुन्या सवयीनं झाकण डावीकडे दाबलं, मग वर. टक्. आत लिंग जसंच्या तसं. झालं, सापडलो, असं त्याला वाटलं.

साहेब हसले. "वडिलांचं कसब उतरलंय की हातात. कुणाला करून दिली, आठवतं?"

"आप्पांनी ढिगानं केल्या, साहेब. ते जाऊनबी बारा वर्षं झाली."

साहेबांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "मालक बोटीसोबत बुडाला असावा. नाव कळत नाही." मग ते रुमाल बांधायला लागले. सुटला होता तो.

आतून शांतम्मानं विचारलं, "अवो, सरदारबीच्या बांगड्या झाल्या का? सांजच्याला येणार हाय ती."

त्यानं बांगडी हातात घेतली. ते आले तर, असं ती आजही म्हणणार होती. त्यानं ती खाली ठेवली.

"साहेब, ते खोडा."

"काय?"

"त्यो बुडाला, असं लिवलंय ते. त्यो हितंच बसलाय." त्यानं साहेबांपुढे स्टूल सरकवलं. "बसा. बोटीचं नाव सांगतो. पण त्येच्या आदी लालसाबचं नाव लिवा."

मग त्यानं शांतम्माला हाक मारून सांगितलं, सरदारबीला आत्ताच बोलावून आण. दुसरी बांगडी अजून काळीच होती. ती त्यानं घासली नाही.