वाघाच्या जागी भेंडी

आता फोनमंदी वाघ परत बसला हाय. श्रेयसनंच बसवला. तरी मी त्याच्यासंगं बोलत नाई. रस्त्यात भेटला अन् "काकू" म्हनलं का मी तोंड फिरवून घेते. लोकं म्हनतात, विमलताई, पोट्टं आपल्याच गावचं हाय, शिकलं-सवरलं हाय, फुकटात केलं त्यानं सारं. हाव बाप्पा, फुकटात केलं. माह्या सुनेचा जीवबी फुकटातच चालला होता.

आमचं वावर राळेगावकडं, जंगलाले लागून. एका अंगाले कापूस, एका अंगाले तूर, अन् खालत नाला. दिवाळी झाली का तूर मानसाच्या डोक्यावर जाते. तिच्या आत काय बसलं हाय ते देवालेच माहीत. मांगच्या साली नाल्यापलीकडं एका गुराख्याले वाघानं नेलं, तवापासून आमच्या गावात बायका एकट्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावरबी जात नाईत.

श्रेयस यवतमाळले कम्प्युटरच्या कामाले हाय. गुराखी गेला तवा त्यानं एक अ‍ॅप बनवलं, 'सावधान' नावाचं. कोनाले वाघ दिसला का त्यानं बटन दाबाचं, मंग आजूबाजूच्या साऱ्या गावात फोनमंदी भोंगा वाजे. आवाज बंद करून ठेवलेल्या फोनातबी वाजे. अन् त्याचं चित्र म्हनजे वाघाचं तोंड. शेंदरी रंगाचं, डोळे वटारलेले, दात बाहेर. मले वाचता येते जेमतेम, पन ते तोंड म्या झोपेतबी वळखलं असतं.

आता बायकाईची एक गोष्ट श्रेयसले ठाऊक नोती. आमी पयले कापूस वेचाले जायच्या आंधी नाल्याकाठच्या वाघोबाले नमस्कार करत होतो. शेंदूर फासलेला दगड हाय तिथी, माह्या सासूच्याबी पयलेपासूनचा. गुराख्याचं तसं झालं अन् तिथी जानं बंद पडलं. मंग एक दिवस शेजारच्या कुंदानं धुऱ्यावर उभं राहून फोनातल्या वाघालेच हात जोडले. आमी लय हासलो तिले. दुसऱ्या दिवशी साऱ्याच जोडाले लागलो. नाल्यावर जायची गरजच राह्यली नाई. अन् फोनबी मंग कोनी झाडाले टांगत नोतं. देव हाय म्हून कमरेच्या पिशवीत संगंच ठेवत होतो.

अन् एका सकाळी वाघ गायब.

त्याच्या जागी हिरवं चौकोनी काहीतरी, त्यात पांढरे चार-पाच ठिपके. कुंदा म्हने, "हे त भेंडी कापून ठेवल्यावानी दिसते व!" तिच्या नवऱ्याले वाटलं बियान्याच्या कंपनीची जाहिरात घुसली. अर्ध्या लोकाईनं ठगाईचं काम समजून काढूनच टाकलं, बँकेतले पैसे जातीन म्हून. पोट्ट्यायनं अ‍ॅपले एक-एक चांदनी देल्ली. म्या त्यातल्या एकाले इचारलं, चांदनी देनं म्हनजे चांगलं ना बे? त म्हने, नाई आजी, एकच देनं म्हनजे शिवी. मंग म्या त्याच पोट्ट्याकडून माह्याबी फोनातून एक देऊन घेतली. तरी जीव शांत झाला नाई म्हून श्रेयसले फोन लावला.

"काहून बे, वाघ कुठी गेला?"

"काकू, तो वाघाचाच पंजा हाय. नीट पाहा."

"भेंडी हाय ते!"

"जुनं चित्र लय भेसूर होतं, काकू. लोकं दचकत होते. डोळ्याले थंड वाटाले पाह्यजे, असं सांगते सारे."

"अरे, वाघ का डोळ्याले थंड वाटाले पाह्यजे? भेव वाटावं म्हूनच त ठेवला होता तो!"

"आतलं सारं तेच हाय ना. बटन तेच, भोंगा तोच. फक्त कपडे बदलले."

"देवाचे कपडे बदलाले कोनाले इचारलं तू?"

तवा त्याले सांगितलं नमस्काराचं. मंग म्हने, बदलून देतो, पन आठ-दहा दिवस लागतीन. म्या म्हनलं, बरं हाय, तवरिक वाघाले थांबाले सांगते.

भेंडीले कोन हात जोडन, अन् कमरेले तरी कोन बांधन? अन् हात जोडल्याबिगर तुरीजवळ जायची कोनाची छाती होईना. शेवटी साऱ्या जनी म्हनाल्या, चाला, जुन्या वाघोबावरच जाऊ. थाळी वाजवत जायचं, घोळक्यानं जायचं, हात जोडून लगेच परत फिराचं. म्याबी हाव म्हनलं. भोंगा त हायच, असं वाटलं.

त्या दिवशी बायका सकाळीच गेल्या वेचाले. माही सून सलोनी मांगं राह्यली होती, घरी गहू दळून आनाचे होते. पोरगा माहा राजूरले कोळशाच्या गाडीवर डायव्हर, म्हून घरात आमी दोघीच. ते निघाली तवा म्या तिले दारातून वरडून सांगितलं, नमस्कार केल्याबिगर कापसाले हात लावशीन नोको. सांगाले काय जाते? सांगून मी मिरच्या निवडाले बसली.

ऊन डोक्यावर आलं अन् भोंगा वाजला.

फोन उचलला त हिरवं-हिरवं चमकून राह्यलं, खाली बारीक काय लिवलं ते वाचता येईना. समोरून आमचा गडी उकंडा चालला होता. त्याले म्हनलं, वाच बे लवकर. त्यानं वाचलं अन् माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यला. "मालकीनबाई, आपल्याच नाल्यावर हाय. वाघोबाच्या दगडापाशी."

सलोनीले फोन लावला. वाजला, वाजला, कोनी उचलला नाई. पुन्हा लावला. मंग कुंदाले लावला. तिनं उचलला, मांगं बायकाईचा गलका. म्हने, भोंगा आयकून आमी साऱ्या टॅक्टरवर चढून बसलो, घाबरू नोका.

"सलोनी हाय ना तुमच्यात?"

"इथीच होती..." म्हने, अन् मंग टॅक्टरवरच्या बायका मोजाले लागली. "माय व! तिची पिशवी झाडाले हाय. फोन त पिशवीतच वाजून राह्यला."

"ते कुठी हाय, कुंदा?"

"आमचा नमस्कार सकाळीच झालता. ते उशिरा आली. आईनं सांगितलं म्हने, म्हून नारळ घेऊन एकटीच गेली नाल्यावर."

उकंड्याच्या गाडीवर मांगं कशी बसली ते आठवत नाई. चप्पल नोती पायात. रस्ताभर माह्या कानात एकच, आईनं सांगितलं म्हने, आईनं सांगितलं म्हने. पोराले काय सांगू? तिच्या मायबापाले काय तोंड दाखवू? उकंडा गाडी दामटत होता अन् मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, चाल बे, चाल.

वरच्या धुऱ्यावर पोचलो. तिथून खालत नाल्यापर्यंत सारं दिसते. अन् सलोनी दिसली. जित्ती. कापूस अन् तुरीच्या मधून वर येऊन राह्यली होती, आपल्याच नादात, हातात नारळाची अर्धी वाटी. जीव हलका झाला.

तवा तूर हालली.

वारा नोता. कापसाचं एक पान हालत नोतं. सलोनीच्या मांगं, चार-पाच ओळी सोडून, तुरीचे शेंडे हालले अन् थांबले. सलोनी दोन पावलं चालली. शेंडे पुन्हा हालले. खालत बुडापाशी म्या पिवळं पाह्यलं.

उकंड्यानं वरडाले तोंड उघडलं. म्या त्याच्या तोंडावर हात दाबला. फॉरेस्टवाले सभेत सांगून गेलते, पळाचं नाई अन् वाकाचं नाई. वाकलेलं मानूस त्याले जनावर वाटते. वरडलो असतो त पोरगी दचकून पळाली असती.

अन् पळाली त नाई, पन सलोनी थांबली. एक फुटलेलं बोंड दिसलं तिले. हात जातेच ना, कापूसवाल्याच्या घरची सून. ते वाकाले लागली.

माहा आवाज चार वावरं ओलांडून जाते. तिले हाक माराची म्हनजे भवाने, कुठी उलथली, अशीच. सरळ नावानं म्या तिले लग्नापासून हाक मारली नोती. आता तोंड उघडलं अन् कुठून आला तो आवाज, मलेच ठाऊक नाई. तान्ह्या लेकराले झोपवतानी निंघते तसा.

"सलोनी... उभी राह्य व माही बाई. वाकू नोको. ये माह्याकडं. हळूहळू ये."

ते अर्धी वाकलेली होती. सरळ झाली. माह्याकडं पाह्यलं अन् तिचं तोंड पांढरंफट पडलं. काय झालं म्हून इचारलं नाई. मांगं वळून पाह्यलं नाई. नुसती माह्या डोळ्यात पाहून चालाले लागली.

"ये माय. अशीच ये. किती गुनाची हाय माही पोरगी. ये."

नारळाची वाटी हातातून पडली. तूर एकदा हालली, मंग हाललीच नाई. तूर हालत होती तवा बरं होतं, ठाव त लागत होता. आता तो कुठी हाय, बसला का सरकला, काही समजेना. अन् मी बोलतच राह्यली, जे कधी बोलली नाई ते सारं बोलली, तिच्या हातच्या भाकरीचं, तिच्या केसाचं, काहीबाही. उकंडा बाजूले उभा रडत होता.

तिचा हात हाती आला. म्या तिले वरत ओढली अन् आमी तिघं एकमेकाले चिकटून उभे राह्यलो. खालत नाल्याच्या अंगाले तूर सरसर वाकत गेली, एक लांब रेघ पडल्यावानी, अन् मंग जंगलात मोर वरडला, वाघ पाहून वरडते तसा. गेला तो.

सलोनीनं माहं लुगडं दोन्ही मुठीत धरलं होतं.

"आई, शिव्या द्या मले."

"काय व माय?"

"तुमी गोड बोलल्या तवाच मले समजलं, मांगं काय हाय ते." तिनं लुगडं हिसडलं. "आता गेला म्हनता ना? मंग शिव्या द्या ना आई. काहून गोडच बोलून राह्यल्या अजून?"

म्या तोंड उघडलं. देवाशपथ, एक शिवी आली नाई. अन् ते सारखी मांगं वळून पाहे.