चष्मेवाल्याचा फोटो

अंकुशने श्वास रोखून बटण दाबलं, एकदा, दोनदा, मग सलग वीसदा, आणि चष्मेवाला तरीही फांदीवरच होता.

असं आजवर कधी घडलं नव्हतं. चिमणीहून लहान, पिवळट हिरवा, डोळ्याभोवती पांढरं कडं, म्हणून त्याचं नाव चष्मेवाला. कॅमेरा रोखेपर्यंत या पानाआडून त्या पानाआड पसार होणार. अंकुश तीन वर्षं हात धुऊन त्याच्या मागे लागला होता, आणि पदरात काय पडलं होतं, तर शेपटीचे चार धूसर फोटो. नालवाडीतल्या त्याच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कुकरचं झाकण वाजवून बघत असायचं, आणि हा बहाद्दर पक्ष्यांच्या ग्रुपवर दुसऱ्यांचे फोटो बघून जळत असायचा.

आणि आज तोच पक्षी सहा हातांवर बसला होता. शेजारच्या फांदीवर आणखी दोन.

"अवो," मागून दिपाली म्हणाली, "हे पाणी कडू लागून राह्यलं."

त्याने मान न वळवता हात हलवला.

"बगीच्यातलं पाणी तसंच लागते. पिऊन घे, काई होत नाई. अन् बोलू नोको, उडून जातीन ते."

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण रविवारच्या या भटकंतीला दिपाली पहिल्यांदाच आली होती. रात्री भांडी आवरता आवरता ती एकदम म्हणाली होती, "उद्या मी बी येतो तुमच्यासंग. पाहू तरी त्या पाखरात काय हाय." अंकुशला आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर थोडी धास्तीही वाटली होती, कारण बायको बोलकी. पहाटे तिने मेथीच्या पुऱ्या केल्या, चटई घेतली, आणि पाण्याची कॅन दाराशी विसरली. तळेगाव मागे पडल्यावर ते लक्षात आलं. परत फिरायचं तर सकाळचा उजेड हातचा जाणार. मग संत्र्याच्या बागेत पोचल्यावर अंकुशनेच ठिबकच्या पाइपाच्या टोकाची टोपी काढून बाटली भरली आणि तिच्या हातात दिली. स्वतः मात्र एक घोट घेतला नाही. कॅमेरा बॅगेतून काढायची इतकी घाई होती त्याला.

बाग महादेवरावांची. मुलीच्या लग्नाची सगळी भांडी त्यांनी अंकुशकडून नेली, तेव्हापासूनची ही ओळख. "बगीचा तुयाच समज," ते म्हणाले होते. "फक्त येण्याआधी फोन करजो. न इसरता करजो." अंकुशने मुद्दामच केला नव्हता. फोन केला की महादेवराव स्वतः हजर होत, खांद्यावर हात टाकून जावयापासून आमदारापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत, आणि अर्ध्या तासात बागेत एक पाखरू उरत नसे.

आज तशी कटकट नव्हती. विजेची लाइन आली की मोटार आपोआप सुरू व्हायची, तशी ती कोपऱ्यात घुमत होती. झाडाझाडाखाली नळीतून थेंब पडत होते. झाडं फुलांनी भरली होती, तरी मधमाश्यांचा आवाज नव्हता. इतकी शांत बाग त्याने कधी पाहिली नव्हती, आणि त्याला ते फार बरं वाटलं.

"मले कसंतरीच होऊन राह्यलं," दिपाली म्हणाली. "डोयापुढे धूसर दिसते."

"पुरी खा एखादी. उपाशीपोटी पित्त झालं असंन." तो एक पाऊल पुढे सरकला. "अन् हळू बोल, सांगितलं ना."

त्यावर ती काही बोलली नाही. नंतरही नाही. शिकली, अंकुश मनात म्हणाला, आणि त्याला तिची माया आली. आता दर रविवारी आणायचं हिला. तिच्यासाठी एक छोटी दुर्बीण घ्यायची.

तो आणखी पुढे गेला. चार हात. दोन हात. एवढ्या जवळून हा पक्षी कुणी टिपला असेल? हात लांबवला असता तर बोट पंखाला लागलं असतं. पिसं फुगवून तो तसाच बसलेला.

अंकुशने थांबून पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. पांढऱ्या कड्याच्या आत डोळा अर्धा मिटलेला होता. चोच उघडी, आणि चोचीतून लाळेची बारीक तार लोंबत होती. त्याने पुढचा फोटो उघडला. त्यातही तसंच. त्याच्या पुढच्यातही.

टप्प असा आवाज झाला. शेजारच्या फांदीवरचा एक चष्मेवाला उडाला नव्हता, पडला होता. नळीखालच्या ओल्या मातीत. तिथे आधीच तीन पडले होते. त्यांच्याभोवती मधमाश्या, पाय वर झालेल्या.

अंकुशची नजर नळीवरून मोठ्या पाइपावर गेली, पाइपावरून मोटारीच्या खोलीपर्यंत. खोलीच्या भिंतीशी निळा ड्रम होता. ड्रममधून एक बारीक नळी पाइपात सोडली होती. ड्रमच्या झाकणावर किडीच्या औषधाचा रिकामा डबा उपडा ठेवलेला, त्यावरची धोक्याची लाल खूण इथूनही दिसत होती. रात्रीच तयार करून ठेवायचं, पहाटे लाइन आली की मोटारीसोबत आपोआप सगळ्या झाडांच्या मुळाशी जातं. न इसरता फोन करजो.

तो वळला.

दिपाली संत्र्याच्या खोडाला टेकून बसली होती. भर थंडीत तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. डोळे अर्धे मिटलेले. मांडीवर बाटली आडवी पडली होती, आणि तिच्यात तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं.

"दिपाली!"

तो सगळ्या बागेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडला. कॅमेरा गळ्यात आपटत तिच्याकडे धावला. तिचे ओठ हलले, पण शब्द यायला वेळ लागला.

"हळू बोला ना," ती म्हणाली. "उडून जातीन ते."

मागे फांदीवरचा एकही पक्षी उडाला नव्हता.